वजनाचं ऑपरेशन : सही करण्याआधी

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

गटाच्या कर्जाच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. तिथे शेळी, शिलाई मशीन, घरावरचे पत्रे, मुलाची फी, गणपतीच्या कारखान्यासाठी रंग, असं वाचायची आम्हाला सवय. यंदा पेण तालुक्यातल्या एका गटात एका ताईने तिथे लिहिलं, 'वजनाचं ऑपरेशन'. रक्कम ३ लाख. बैठकीत आधी हशा झाला, मग एकेकीचं सुरू झालं. एक म्हणाली, "दोन भाकऱ्यांच्या जागी एक खा, फुकटात काम होईल." दुसरी म्हणाली, "मशीन लावून चरबी ओढून काढतात, मी मोबाईलवर बघितलंय." तिसरी म्हणाली, "गडकरी साहेबांनी केलं होतं की, काही होत नाही." आणि कोपऱ्यातून एक आवाज आला, "ती परदेशातली बाई मुंबईला आणली होती विमानातून, ती गेली ना?"

मागणारी ताई गप्प होती. उंची ४ फूट ११ इंच, वजन ९२ किलो. साखर आहे, बी.पी. आहे, दोन्ही गुडघे दुखतात. कारखान्यात मूर्ती रंगवायला खाली बसली की उठवायला दोघी लागतात. या चार वाक्यांतल्या एकाचाही तिला उपयोग नव्हता. म्हणून आम्ही समन्वयकांनी ठरवलं, या विषयाची माहिती नीट गोळा करायची, डॉक्टरांना विचारायचं आणि सगळ्या गटांपर्यंत पोचवायची. तिच्या परवानगीने, तिचं नाव न घेता, ती आज सांगतो.

आधी 'कमी खा' हा सल्ला बघू. २०१९ ते २०२१ मध्ये देशात जे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं, त्यात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे २४ जणींचं वजन जास्त भरलं. आणि त्याच सर्वेक्षणात शंभरातल्या जवळजवळ १९ जणी अशक्त, वजन कमी असलेल्या निघाल्या. म्हणजे एकाच वाडीत एका घरी अंगावर मांस नाही आणि शेजारच्या घरी वजनाने जिना चढवत नाही, असं चित्र आहे. दोघींच्या ताटात बऱ्याचदा भातच असतो. जास्त वजन म्हणजे खादाडपणा, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की थायरॉइड, पीसीओडी, बाळंतपणानंतर उतरायचं राहिलेलं वजन, पाळी जातानाचे बदल, काही गोळ्यांचा परिणाम, घराण्यातून आलेली ठेवण, यातलं काही आपण विचारातच घेत नाही.

आणि खाणं कमी केलं की शरीर गप्प बसत नाही. वजन उतरायला लागलं की शरीराला वाटतं दुष्काळ आला. ते भूक वाढवतं, खर्च कमी करतं. म्हणून थोड्या जास्त वजनाच्या बाईला चालणं, भात-साखर आवरणं यांनी चांगला फरक पडतो, पण खूप वजन असलेली बाई दहा किलो उतरवते आणि वर्षभरात बारा किलो परत येतात. ही तिची आळशीपणाची खूण नाही.

किती वजनाला खूप म्हणायचं, त्याचं एक गणित आहे. आपल्या गटांत हिशेब लिहिणाऱ्या बायका आहेत, त्यांना हे जड नाही. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला त्याच आकड्याने गुणायचं, आणि आलेल्या आकड्याने वजनाला भागायचं. त्याला बीएमआय म्हणतात. ४ फूट ११ इंच म्हणजे साधारण दीड मीटर. दीड गुणिले दीड, सव्वादोन. या ताईचे ९२ किलो भागिले सव्वादोन, आले जवळजवळ ४१. आपल्या भारतीय अंगाला २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. ऑपरेशनचा विचार मात्र बराच पुढे सुरू होतो. आपल्याकडचे डॉक्टर साधारण ३७.५ च्या पुढे, किंवा ३२.५ च्या पुढे आणि सोबत साखर, बी.पी., झोपेत श्वास अडकणं असे आजार असतील तर हा मार्ग सुचवतात. दीड मीटर उंचीच्या बाईसाठी याचा अर्थ ८४ किलोच्या वर, किंवा आजार असतील तर ७३ च्या वर. नव्या अभ्यासानंतर काही डॉक्टर याहून थोड्या कमी आकड्यालाही सुचवतात. पण लग्नाआधी सहा-सात किलो उतरवायचेत म्हणून हे ऑपरेशन नसतं. तसं कुणी गळी उतरवत असेल तर तिथून उठावं.

आता दुसरीचं मशीन. चरबी ओढून काढतात ते वेगळं काम. ते शरीराची ठेवण बदलण्यासाठी करतात, त्याने साखर किंवा बी.पी. सुधारत नाही. वजनाच्या ऑपरेशनमध्ये चरबीला हातच लावत नाहीत. काम होतं ते जठरावर, म्हणजे आपण खातो ते पहिल्यांदा जिथे जाऊन पडतं त्या पिशवीवर. पोटाला चार-पाच बारीक छेद घेऊन दुर्बिणीने करतात. जास्त करून दोन प्रकार होतात. एकाला स्लीव्ह म्हणतात. त्यात जठराचा शंभरातला ७५ ते ८० भाग कापून कायमचा काढून टाकतात, मागे केळ्याएवढी नळी उरते. दुसरा बायपास. त्यात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी वेगळी करतात आणि ती आतड्याला पुढे नेऊन जोडतात, म्हणजे अन्न मधला बराच रस्ता टाळून जातं. स्लीव्ह परत जोडता येत नाही, काढलेलं ते काढलेलं. बायपास उलटवणं क्वचित करतात, पण त्या भरवशावर कुणी राहू नये.

पिशवी लहान झाली म्हणून कमी जेवलं जातं, एवढंच नाही. जठराच्या ज्या भागातून भुकेचा निरोप मेंदूला जातो, तोच स्लीव्हमध्ये निघून जातो, त्यामुळे पहिले काही महिने भूकच कमी लागते. साखरेच्या आजारात तर वजन फारसं उतरायच्या आधीच फरक दिसायला लागतो, बऱ्याच जणींच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या काही वर्षं बंदही होतात. म्हणून आता डॉक्टर याला लठ्ठपणाबरोबर मधुमेहाचंही ऑपरेशन म्हणतात.

आता कोपऱ्यातला तो आवाज. ती बाई इजिप्त देशातल्या अलेक्झांड्रिया शहरातली, नाव इमान अहमद. आपल्यातल्या अनेकींनी तिला टीव्हीवर बघितलंय, पण क्रेन आणि विमान एवढंच लक्षात राहिलंय. तिची गोष्ट सबंध सांगण्यासारखी आहे.

तिचं वजन ५०० किलोच्या आसपास असल्याचं सांगितलं गेलं. लहानपणापासून वजन वाढत गेलं, शाळा सुटली, आणि पंचवीसेक वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. पुढे अर्धांगाचा झटका आला, एक बाजू लुळी पडली, बोलणंही अडलं. तिचं सगळं करत होती ती तिची आई आणि धाकटी बहीण शैमा. इकडे आपल्या मुंबईतले शल्यविशारद डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचली. व्हिसा मिळेना, तेव्हा डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना जाहीर विनंती केली आणि स्वराजबाईंनी ते काम करून दिलं. ११ फेब्रुवारी २०१७ ला मालवाहू विमानातून, खास बनवलेल्या पलंगावर तिला मुंबईत आणलं. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात तिच्यासाठी वेगळी खोली बांधली होती. पलंगासकट क्रेनने उचलून तिला आत घेतलं.

मुंबईत आणल्या आणल्या ऑपरेशन केलं नाही, हे आपल्या कामाचं आहे. आधी जवळजवळ महिनाभर पातळ, भरपूर प्रथिनं असलेला आहार, अंगात साचलेलं पाणी उतरवणं, तपासण्या. तेवढ्यात शंभराहून जास्त किलो वजन उतरल्याचं रुग्णालयाने सांगितलं. मग ७ मार्च २०१७ ला तिची स्लीव्ह झाली. पुढे तिच्या जनुकांची तपासणी केली तेव्हा, 'पोट भरलं' हा निरोप मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेतच जन्मजात दोष सापडला. म्हणजे जिला जग 'किती खाल्लं असेल' म्हणून हसत होतं, तिच्या मेंदूला ती जेवल्याचं कळतच नव्हतं.

एप्रिलमध्ये वाद सुरू झाला. शैमाने सांगितलं की वजन सांगतात तितकं उतरलेलं नाही आणि बहिणीची तब्येत ठीक नाही. डॉक्टरांनी ते नाकारलं, वजन मोठ्या प्रमाणात उतरल्याचे आकडे दिले. वर्तमानपत्रांत हेच चाललं होतं. कोण खरं, याचा निवाडा आम्ही इथे बसून करणार नाही. शेवटी ४ मे ला इमानला अबू धाबीच्या रुग्णालयात हलवलं. तिथे पुढचे उपचार झाले, तब्येत थोडी सावरल्याच्या बातम्या आल्या. आणि २५ सप्टेंबर २०१७ ला, वयाच्या ३७ व्या वर्षी ती गेली. हृदयाचा आजार आणि मूत्रपिंडं निकामी होणं, अशी कारणं तिथल्या डॉक्टरांनी दिली.

तेव्हा 'ऑपरेशनने मेली' असं म्हणणं बरोबर नाही. ऑपरेशननंतर साडेसहा महिन्यांनी, बरीच वर्षं पोखरत आलेल्या आजारांनी ती गेली. पण 'ऑपरेशन झालं म्हणजे सुटली' हेही खरं ठरलं नाही. वजन उतरलं तरी लुळी पडलेली बाजू, थकलेलं हृदय, मूत्रपिंडं तिथेच होती. आम्हाला यात शैमाकडे बघावंसं वाटतं. चालेल, उठेल, बोलेल अशी आशा धरून ती बहिणीला घेऊन परक्या मुलखात आली. डॉक्टर वजनाचे आकडे मोजत होते, ती बहिणीचं उठून बसणं मोजत होती. ऑपरेशनने काय होईल आणि काय होणार नाही, हे दोन्हीकडून एकाच भाषेत बोललं गेलं नाही की असं होतं. आपल्या ताईलाही म्हणूनच विचारायचंय, 'तुला नक्की काय हवंय?' गुडघे हवेत, साखर आटोक्यात हवी, की बारीक दिसायचंय? आणि तेच डॉक्टरांना विचारायचंय, 'यातलं काय मिळेल?'

तिच्यापुरतं उत्तर काढून बघू. दीड मीटर उंचीला साधारण ५६ किलो हे वजन धरलं तर तिच्या अंगावर ३६ किलो जास्त आहेत. वर्ष-दीड वर्षात या जास्तीच्या वजनातलं शंभरातलं ५० ते ७० उतरेल अशी अपेक्षा धरतात. म्हणजे १८ ते २५ किलो. ती ७० च्या आसपास येईल. सडपातळ होणार नाही. पण गुडघ्यांना वीस किलो कमी म्हणजे तांदळाचं एक पोतं उतरलं. गुडघ्याची झीज झाली असेल ती भरून येणार नाही, दुखणं मात्र हलकं होऊ शकतं.

आता गडकरी साहेब. नितीन गडकरी तेव्हा भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. त्यांनाही साखर होती. सप्टेंबर २०११ मध्ये मुंबईत डॉ. लकडावाला यांनीच त्यांचं ऑपरेशन केलं. त्यांनी ते लपवलं नाही, हे आम्हाला बरं वाटतं. मोठ्या माणसाने उघड सांगितलं की बाकीच्यांची लाज कमी होते. पण पुढचं बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैनच्या एका कार्यक्रमात त्यांनी तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना गमतीत सांगितलं, एक किलो वजन कमी करा, किलोमागे हजार कोटींची कामं देतो. माझं वजन १३५ होतं, आता ९३ आहे, असंही ते म्हणाले. फिरोजियांनी मग व्यायाम आणि आहाराने खरोखरच पंधरा किलो उतरवून दाखवले आणि पुढे आणखीही उतरवले. गडकरींच्या ऑपरेशनला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती, आणि तरी ते वजनाचा हिशेब ठेवत होते. ऑपरेशन करून विसरून गेले, असं झालं नाही. शिवाय मंत्र्याच्या दिमतीला डॉक्टर असतो. आपल्या ताईला तपासणीला जायचं तर एसटी पकडावी लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. तिचं उदाहरण घ्यायचं ते असं घ्यायचं.

ऑपरेशन दीड-दोन तासांचं, दवाखान्यात दोन-तीन दिवस. पुढचं मात्र जन्माचं आहे, आणि ते बहुतेक स्वयंपाकघरातलं आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

पहिले पंधरा दिवस फक्त पातळ. घोट घोट. ताक, डाळीचं गाळलेलं पाणी, पातळ दूध, चिकनचं किंवा भाज्यांचं सूप. मग दोनेक आठवडे मिक्सरमधून काढलेलं, गुरगुट्या, घोटलेलं वरण. मग मऊ अन्न, आणि दीड-दोन महिन्यांनी हळूहळू नेहमीचं. हे नेहमीचं म्हणजे छोट्या वाटीतलं. पोट केळ्याएवढं झालेलं असतं. त्यात आधी भात भरला तर बाकीच्याला जागाच उरत नाही, आणि आपल्याकडे गोची नेमकी इथे आहे. आपलं जेवण म्हणजे भात किंवा तांदळाची भाकरी, वर कालवण. या बाईचं ताट उलटं फिरवावं लागतं. आधी अंडं, मासा, डाळ, पनीर, आणि जागा उरली तर दोन घास भात. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं जावी लागतात. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात साधारण साडेसहा, शंभर ग्रॅम माशात १८ ते २०, मूठभर मुगाच्या डाळीत सात. बेरीज करून बघा, मेहनत आहे. खाडीपट्ट्यातल्या बायकांना मासळी हाताशी आहे, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. सुकट-जवळा प्रथिनाने भरलेले असतात, पण मीठ फार, बी.पी. असेल तर भिजवून, दोनदा धुऊन. वालाचं बिरडं चालतं, पण पहिले काही महिने नको, वात धरतो. शाकाहारी घरात तर जास्तच लक्ष लागतं.

जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास नाही. घास बारीक चावून, एका जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं. सगळ्यांना वाढून शेवटी उभ्याउभ्या दोन घास टाकणारी आपली बाई हे कशी करणार? घरच्यांनी तिला आधी बसवलं पाहिजे. घाईने गिळलं की घास छातीत अडकतो, उलटी होते. बायपास झालेल्या बाईने मोदक, बासुंदी असं गोड एकदम खाल्लं तर तासाभरात घाम, धडधड, चक्कर येऊ शकते. गणपतीत प्रसाद म्हणून कणभर चालेल, 'अगं घे की एक, काही होत नाही' असा आग्रह नको.

उपवासांचंही बघावं लागतं. साबुदाणा आणि बटाटा यांनी पोट भरतं, प्रथिन जात नाही. हरतालिकेचा निर्जळी उपवास तर या बाईला झेपणारा नाही, एका दमात पेलाभर पाणी पिऊन नंतर भरपाई करता येईल असं तिचं पोटच राहिलेलं नसतं. दिवसभर घोट घोट पाणी हेच तिचं व्रत.

गोळ्या जन्मभर. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२, बाकीची जीवनसत्त्वं. खाणं कमी आणि अंगी लागणं कमी, त्यामुळे ती बाहेरूनच द्यावी लागतात. आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन मुळातच कमी, हे गटाच्या तपासणी शिबिरात आपण बघतोच. ऑपरेशननंतर गोळ्या सोडल्या तर ते आणखी खाली जातं. बी-१२ कमी पडलं की हातापायाला मुंग्या. सारख्या उलट्या होत राहिल्या आणि बी-१ संपलं तर चालणं, नजर, डोकं यांवर परिणाम होतो. म्हणून 'उलट्या तर होणारच' म्हणून घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. पहिल्या वर्षी तीन-तीन महिन्यांनी आणि पुढे दर वर्षी रक्ततपासणी.

तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास केस गळतात. बायका यानेच जास्त घाबरतात. प्रथिनं आणि लोह नीट गेलं तर ते परत येतात. कातडी सैल पडते, ती मात्र व्यायामाने सगळी आत जात नाही. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. स्लीव्हनंतर काहींना छातीत जळजळ लागते. मन कधी कधी खाली जातं, कारण दुःखात, कंटाळ्यात खायची सवय असते आणि तो आधार एकदम गेलेला असतो.

धोकेही सांगायला हवेत. जिथे टाके-पिना घातल्या तिथून गळती होणं, साधारण शंभरात एखादीला. रक्तस्राव. पायातल्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, म्हणून ऑपरेशनच्या दिवशीच चालवतात. चांगल्या ठिकाणी जीव जाण्याचं प्रमाण हजारात एखाद-दोन इतकं असतं. इतर मोठ्या ऑपरेशनांसारखंच हे आहे, कमी समजू नये आणि राक्षसही करू नये. घरी आल्यावर ताप, नाडी जोरात चालणं, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

मिश्री लावणाऱ्या, तंबाखू ठेवणाऱ्या बायका आपल्यात पुष्कळ आहेत. डॉक्टरांसमोर ती गोष्ट लपवू नका. तंबाखूने जखम भरत नाही, बायपासच्या जोडावर व्रण होतो. ऑपरेशनच्या किती तरी आठवडे आधी ती सुटलेली असावी लागते, आणि सुटलेलीच राहावी लागते.

ज्यांना अजून मूल हवंय त्यांनी ऑपरेशननंतर वर्ष ते दीड वर्ष थांबायचं असतं, नाहीतर बाळाला पोषण पुरत नाही. वजन उतरलं की न येणारी पाळी यायला लागते आणि दिवस जाण्याची शक्यता वाढते, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. बायपासनंतर पाळणा लांबवायच्या तोंडातून घ्यायच्या गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. तांबी किंवा दुसरं साधन डॉक्टरांना आधीच विचारून ठरवावं.

आता पैसे, ज्यावरून हे सगळं निघालं. खासगी रुग्णालयात हे ऑपरेशन अडीच-तीन लाखांपासून पुढे जातं. दहा बायकांचा गट महिन्याला दोनशे रुपये टाकत असेल तर वर्षाला २४ हजार होतात, पाच वर्षांत एक लाख वीस हजार. म्हणजे ३ लाख ही एका गटाच्या सगळ्या बचतीच्या अडीच पट रक्कम. महिना दोन टक्क्यांनी ३ लाखांचं पहिल्या महिन्याचं व्याजच ६ हजार. आणि जी बाई ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे कामाला जाणार नाही, दीड महिना जड उचलणार नाही, भाताच्या लावणीत वाकणार नाही, ती हप्ता कुठून भरणार? घरी येऊन कर्ज देणाऱ्या कंपनीकडून उचललं तर आठवड्याच्या हप्त्याच्या काळजीने बाई आजारी पडेल. प्रथिनाचं अंडं हप्त्यात जाईल.

म्हणून आधी बाकीची दारं वाजवायची. मुंबईतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत चौकशी करायची, वेळ लागतो, पण खर्च कितीतरी कमी. महात्मा जोतिराव फुले योजनेत आपला आजार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारायचं, ऑपरेशन झाल्यावर नाही. ज्यांच्या घरी आरोग्य विमा आहे त्यांच्यासाठी एक नियम माहीत असावा. विमा नियामकाच्या नियमानुसार वजनाचं ऑपरेशन एरवी विम्यात धरत नाहीत, पण वय १८ च्या वर असेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल तर धरतात. ३५ असेल तरी चालतं, पण मग आटोक्यात न येणारी साखर, हृदयाचा आजार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास सोबत असावा लागतो आणि आधीचे साधे उपाय करून झालेले असावे लागतात. आज पॉलिसी काढून उद्या ऑपरेशन मात्र होत नाही, थांबायचा काळ असतो. 'या आठवड्यात ठरवलंत तर सूट' असं कुणी शिबिरात सांगितलं तर आम्ही म्हणू, सूट साडीवर बरी.

२०२५ पासून वजन उतरवायची नवी इंजेक्शनंही आपल्याकडे मिळायला लागली आहेत. ती महाग आहेत, बंद केली की वजन परत येतं असं दिसतं, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नसतात. दुकानातून कुणाच्या तरी चिठ्ठीवर आणायची ती वस्तू नाही.

त्या गटाने ताईला नकार दिला नाही आणि ३ लाखही दिले नाहीत. तीन हजार दिले, बिनव्याजी. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांचा सल्ला, तीन महिन्यांची साखर, थायरॉइड, सोनोग्राफी यांसाठी. सोबत गटाची एक बाई. दोघींनी कागदावर प्रश्न लिहून नेले: माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास, आणि का? तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? आहारतज्ज्ञ आहे का, आणि ती फोनवर मिळेल का? महिन्याच्या गोळ्यांचा खर्च किती? रात्री त्रास झाला तर पेणहून मी कुठे यायचं? पहिल्या डॉक्टरांनी शेवटच्या प्रश्नावर घड्याळ बघितलं. दुसऱ्यांनी फोन नंबर लिहून दिला आणि आधी तीन महिने आहार, चालणं, साखरेच्या औषधात बदल करून बघू, मग ठरवू म्हणाले. ताईला दुसरे पटले. सध्या ते तीन महिने चालू आहेत. नवऱ्याला दोन्ही वेळा सोबत नेलं होतं, कारण ताट कुणाचं आधी वाढायचं हे शेवटी घरात ठरणार आहे.

आणि ज्यांचं ऑपरेशन आधीच झालंय अशा बायका आपल्या गटांत असतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट. दवाखान्यातून घरी सोडताना जो कागद देतात, त्यावर कुठलं ऑपरेशन झालं ते लिहिलेलं असतं. त्याच्या दोन झेरॉक्स काढा, एक घरात, एक पिशवीत. गुडघा दुखला, कंबर धरली म्हणून आपण गावात डॉक्टरांकडे जातो आणि दुखण्याचं इंजेक्शन किंवा गोळी घेऊन येतो. त्यातल्या पुष्कळ गोळ्या या छोट्या पोटाला, खासकरून बायपासच्या जोडाला, जखम करतात. कुठल्याही डॉक्टरांसमोर बसलात की काय होतंय ते सांगायच्या आधी तो कागद पुढे ठेवायचा.